हार घातलेल्या पडद्याला चूक कोण म्हणणार

नमस्कार मंडळी. वहिनी, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला बोलायला जमेल की नाही ठाऊक नाही. त्यात मघाशी ट्रस्टचे सेक्रेटरीसाहेब बोलले आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अय्यो, शोकसभेत टाळ्या! असो. मी घरून चार ओळी लिहून आणल्या होत्या. अण्णा किती साधे, किती शांत, किती प्रेमळ, असलं काहीतरी. ते राहू दे पर्समध्ये. अण्णा साधे नव्हते आणि शांत तर मुळीच नव्हते. महाहट्टी माणूस. प्रेमळ होते, पण आधी ओरडायचे आणि मग प्रेम करायचे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी त्यांचा ओरडा खाल्लाय. खोटं असेल तर सांगा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी गिरिजा. आपल्या मराठी मंडळींच्या ट्रस्टची शहराबाहेर आनेकलला जी शाळा आहे, तिथे मी हिंदी शिकवायचे. आता निवृत्त झाले. मानाजीराव अण्णा तिथेच गणित शिकवायचे. ते जे. पी. नगरात राहायचे, मी त्यांच्या मागच्या गल्लीत. आम्ही वर्षानुवर्षं एकाच बसने गेलो, एकाच बसने आलो. जाताना ते गणिताबद्दल बोलायचे आणि येताना पोरांबद्दल. मी मधेच कधी भाजीचा भाव काढला की म्हणायचे, "अक्का, स्वल्प थांबा, हे महत्त्वाचं आहे." त्यांचं सगळंच महत्त्वाचं असायचं. माझी भाजी कधीच महत्त्वाची नव्हती.

महिना होत आला त्यांना जाऊन. सकाळी शाळेला निघाले होते. बूट घालायला खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. वहिनी डबा घेऊन बाहेर आल्या, तर अण्णा तसेच बसलेले. त्या दिवशी शाळेत पोरं वाट बघत होती. फोन मीच केला. फोनवर पलीकडून वर्गाचा गलका ऐकू येत होता, आणि मला वाटलं, आता हा गलका कोण आवरणार.

मंडळी, आज मला अण्णांच्या टीव्हीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, बाई, शोकसभेत टीव्ही कसला? पण सेक्रेटरीसाहेब त्याबद्दलच बोलले ना? मग मलाही बोलू द्या.

आपल्या शाळेतली पोरं कुठली आहेत, तुम्हाला माहीत आहे. कुणाची आई गारमेंट कारखान्यात शिलाईला, कुणाचा बाप फॅक्टरीत शिफ्टला. घरी गणित सांगणारं कोणी नाही. आणि आपल्या शाळेला गणिताचा शिक्षक मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. शहरात जास्त पगार मिळतो, तो जातो. मी त्याला दोष देत नाही, त्यालाही पोट आहे. पण शेवटी उरायचे अण्णा. अण्णा एक आणि वर्ग सगळे. एका वर्गात शिकवायचे तेव्हा शेजारच्या वर्गात पोरं नुसती बसलेली.

मग आपल्या मंडळींनी वर्गणी काढून मोठा टीव्ही दिला. चांगल्या मनाने दिला. त्याच्याबरोबर गणिताचे तयार धडे आले. काय ते धडे! रंगीत चित्रं, नाचणारे आकडे, मागे संगीत. पोरं डोळे फाडून बघायची. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी, इतकी शांतता. आमच्या हेडमिस्ट्रेस खूश. म्हणाल्या, "बघा गिरिजाबाई, किती शांत वर्ग!" अण्णा दारात उभे होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि पोरांना विचारलं, आत्ता काय शिकलात? पोरांनी सांगितलं, तो सात आकडा नाचला. बस्स. सात आकडा नाचला!

त्या दिवशी बसमध्ये अण्णा इतके मोठ्याने बोलत होते की कंडक्टरने येऊन विचारलं, साहेब, भांडण झालंय का? मी म्हटलं, हो, टीव्हीशी.

पण ऐका. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जळो तो टीव्ही, खडू-फळाच बरा. अण्णा तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, हे यंत्र वाईट नाही. त्याला थांबायचं कळत नाही, एवढंच. आपण त्याला थांबायला शिकवू." आणि त्यांनी स्वतःचे धडे स्वतःच रेकॉर्ड करायचे ठरवले. घरातल्या हॉलमध्ये फळा लावला. आपला समीर आहे ना, कंपनीत काम करणारा, पुण्याकडचा, तो बसलाय बघा तिकडे खांबापाशी. त्याने रविवार-रविवार येऊन ते सगळं फोनवर घेतलं, नीट केलं, टीव्हीत घातलं. बिचाऱ्याने एक पैसा घेतला नाही. वहिनींचा कुकर मधेच शिट्टी द्यायचा. समीर म्हणायचा, सर, परत घेऊया. अण्णा म्हणायचे, "राहू दे रे. पोरांना कळू दे, सरांच्या घरीही भात शिजतो." त्या शिट्टीला वर्गात काय हसायची पोरं! वहिनी, तुमच्या कुकरला अख्खी शाळा ओळखते.

आता मुख्य गोष्ट सांगते. नीट ऐका, कारण तुम्हा बऱ्याच जणांना ही गोष्ट माहीत नाही. माहीत असती तर मघाशी टाळ्या वाजल्या नसत्या.

अण्णा वर्गात मुद्दाम चुकायचे.

रोज चुकायचे. प्रत्येक तासाला एक चूक. फळ्यावर एखादं गणित अगदी गंभीर चेहऱ्याने चुकीचं सोडवायचे, आणि मग खडू खाली ठेवून, हाताची घडी घालून गप्प उभे राहायचे. पोरं एकमेकांकडे बघायची. कुजबुज व्हायची. आणि मग कुणीतरी ओरडायचं, "तप्पु, सर!" तप्पु म्हणजे चूक. पुण्यामुंबईच्या मंडळींनो, इतक्या वर्षांत एवढं कानडी तर आलं असेल तुम्हाला? तप्पु सर! की अण्णा स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचे आणि म्हणायचे, शाब्बास! ज्याने चूक पकडली त्याच्या हातात खडू. तो फळ्यापाशी. आणि अण्णा त्याच्या जागेवर, बाकावर, गुडघे दुमडून. मग त्या पोराने सगळ्या वर्गाला समजावून सांगायचं, सर का चुकले. अण्णा बाकावरून शंका काढायचे. भलत्या शंका. पोर घाम पुसत उत्तर द्यायचं.

मी एकदा म्हटलं, अण्णा, मास्तराने पोरांसमोर चुकावं हे बरं दिसतं का? मान काय राहील? ते म्हणाले, "अक्का, ही पोरं उद्या कारखान्यात जातील, ऑफिसात जातील. तिथे वरचा माणूस चुकेल. तेव्हा यांच्या तोंडून शब्द फुटायला हवा. अपूर्णांक काय, कुठूनही शिकतील. मोठ्या माणसाला चूक म्हणायला दुसरं कोण शिकवणार त्यांना?" मला ते पटलं.

तर मंडळी, टीव्हीवरच्या धड्यांतही त्यांनी तेच केलं. प्रत्येक धड्यात एक चूक. चूक केली की हाताची घडी आणि गप्प. पडद्यावर अण्णा नुसते बघत उभे. मग थोड्या वेळाने म्हणायचे "शाब्बास!" आणि धडा पुढे. मधलं काही त्यांनी रेकॉर्डच केलं नाही. बरोबर उत्तरसुद्धा नाही. ते वर्गात पोरांनी काढायचं.

समीर तर चक्रावला होता. म्हणाला, "सर, इथे तुमचं चुकलंय आणि नंतर मोठी गॅप आहे. एडिट करून टाकू?" अण्णा हसले. म्हणाले, "ती गॅप पोरांची आहे. तिला हात लावायचा नाही. बाकीचं सगळं काप, वाटलं तर माझं डोकं काप." समीर, असंच म्हणाले ना रे? मान हलवतोय बघा. असंच म्हणाले.

आणि त्या गॅपमध्ये वर्गात बसायचं कुणी? मी! हिंदीची बाई! मी घाबरून गेले. म्हटलं, अण्णा, मला गणित येत नाही. तर हा माणूस काय म्हणतो? "येत नाही ना? फार छान. येत असतं तर तुम्ही उत्तर सांगून टाकलं असतं." मला फक्त तीन गोष्टी सांगितल्या. बटण दाबून थांबवायचं. पोरांचे चेहरे बघायचे. आणि कुणीतरी बोलेपर्यंत पुढे जायचं नाही, तास संपला तरी चालेल.

पहिल्या दिवसाचं अजून आठवतं. धडा अपूर्णांकांचा. पडद्यावर अण्णा सांगताहेत, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वरचे वर मिळवा, खालचे खाली मिळवा, झाले दोन छेद पाच. आणि हाताची घडी. मी बटण दाबलं. वर्ग चिडीचूप. मला स्वतःला काही चुकलेलं दिसेना! म्हटलं, गिरिजे, आज तुझी शोभा होणार. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. भाग्या. आई गारमेंटमध्ये. वर्गात कधी तोंड न उघडणारी. हळूच म्हणाली, "तप्पु, मॅडम." मी विचारलं, का गं? तर म्हणते, अर्धी अक्की रोट्टी माझ्याकडे आहे. तांदळाची ती मोठी रोट्टी. त्यात आईने तिच्या अख्ख्या रोट्टीतला तिसरा हिस्सा घातला. मग माझ्याकडे अर्ध्यापेक्षा जास्त पाहिजे ना? दोन छेद पाच तर अर्ध्याहून कमी आहे. आईने दिलं आणि माझं कमी झालं?

अहो, मला तेव्हा पहिल्यांदा अपूर्णांक कळले! निवृत्तीला आलेली बाई मी. अख्खा वर्ग उठला, "तप्पु सर, तप्पु सर" करून टीव्हीला ओरडायला लागला. शेजारच्या वर्गातून खरे अण्णा धावत आले, काय झालं म्हणून. दारात उभे राहिले आणि पडद्यावरच्या अण्णांवर पोरं ओरडताहेत ते बघत राहिले. त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. माणसाला एवढा आनंद स्वतःची आरती ऐकूनही झाला नसता.

तर असे ते धडे होते. यंत्र होतं, पण त्याच्याशेजारी एक माणूस लागायचा. फार शिकलेला नको. माझ्यासारखा चालेल. पण माणूस हवा.

आता अण्णा गेले.

आणि आपण काय केलं? आपण, म्हणजे आपणच हं. ट्रस्ट आपला, शाळा आपली, वर्गणी आपली. सेक्रेटरीसाहेब मघाशी काय म्हणाले? म्हणाले, "अण्णांची जागा भरायची गरजच नाही. अण्णा आजही शिकवताहेत. त्यांचा आवाज आपल्या शाळेत कायम घुमत राहील." आणि टाळ्या. साहेब, तुमच्या मनात पाप नाही, मला माहीत आहे. तुम्ही होसकोटेचा कारखाना सोडून अण्णांना खांदा द्यायला आलात, स्मशानातून सगळ्यात शेवटी निघालात. तुमचं प्रेम होतं त्यांच्यावर. प्रेमच होतं, म्हणून तर बोलायची पंचाईत. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

मागच्या आठवड्यात मी शाळेत गेले. वहिनींनी चिवडा दिला होता पोरांसाठी. वर्गाच्या दारावर नवी पाटी. अण्णांच्या नावाचा स्मृतिवर्ग. आत गेले, आणि दारातच थांबले. टीव्हीला हार घातला होता. झेंडूचा हार, वरपासून खालपर्यंत. समोर स्टुलावर समई आणि उदबत्ती. चपला बाहेर. ऑफिसातली मुलगी आली, तिने टीव्ही लावला, नमस्कार केला आणि आपल्या कामाला निघून गेली. तिचं तरी काय चुकलं? तिला सांगितलंय, लावायचा आणि बंद करायचा. पोरांनी हात जोडले. सगळ्यांनी, एकदम. आणि हाराच्या मधून अण्णा बोलायला लागले.

मी मागे बसले. नेमका तोच धडा. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. दोन छेद पाच. हाताची घडी.

मंडळी, अण्णा वाट बघत होते. मला तुम्हाला कसं सांगू? पडद्यावर माझा माणूस वाट बघत होता, आणि वर्गात एक पोर हललं नाही. पापणी हलली नाही. उदबत्तीचा धूर तेवढा वर जात होता. कुकरची शिट्टी झाली. कुणी हसलं नाही. आणि मग अण्णा म्हणाले, शाब्बास!

शाब्बास म्हणाले हो! कुणी चूक पकडली नव्हती आणि अण्णा शाब्बास म्हणाले. पोरांनी माना डोलावल्या. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलं, दोन छेद पाच. पाठ म्हणतात तसं. मेलेल्या माणसाच्या तोंडून चूक शिकताहेत पोरं, आणि तो माणूस त्यांना शाबासकी देतोय.

तास संपल्यावर भाग्याला गाठलं. तीच भाग्या, आता वरच्या वर्गात आहे. तिचा वर्गही आता त्याच खोलीत येतो, जुने धडे उजळणीला लावतात म्हणे. मी म्हटलं, भाग्या, तू तरी? तुला तर ठाऊक होतं. मी खांद्याला धरून हलवलं, अगं बोल ना. तर मला म्हणते, "मॅडम, हार घातलाय ना सरांना. दिवा लावलाय. देवासारखे झालेत ते. त्यांना तप्पु कसं म्हणायचं?"

मग म्हणते, "एकाने म्हटलं होतं पहिल्या दिवशी. ऑफिसमधून येऊन त्याला गप्प बसवलं. सर वारलेत, मस्करी करतोस का, म्हणून."

तिने चुकीचं काय सांगितलं? आपणच शिकवलंय पोरांना, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. आपल्या घराघरात हेच शिकवलंय. माणूस जिवंत असताना त्याचं ऐकायचं नाही, आणि मेला की हार घालून त्याचं तोंड बंद करायचं. अण्णांचं आयुष्य गेलं पोरांची तोंडं उघडण्यात. आपण एका झेंडूच्या हाराने ती परत मिटली.

मी तिथून तशीच साहेबांना फोन केला. साहेब, मी तुमचं नाव खराब करायला सांगत नाही, पण झालं ते सांगते. मी म्हटलं, हार काढा आणि त्या वर्गात माणूस बसवा. साहेब म्हणाले, "अक्का, भावना समजून घ्या. लोकांची श्रद्धा आहे." मी म्हटलं, मग मी येऊन बसते. तर म्हणाले, "तुमचे गुडघे बघा, वय बघा. तुम्ही विश्रांती घ्या." गुडघ्यांचं खरं आहे. आता बसची पायरी चढताना मागचा माणूस ढकलतो तेव्हा कुठे मी वर जाते. रोज आनेकल मला झेपणार नाही. झेपलं असतं तर मी विचारायलाही थांबले नसते. हेडमिस्ट्रेसना विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे माणूस नाही, आणि शिवाय वर्ग किती शांत झालाय बघा.

शांत झालाय. हो. परत शांत झालाय.

आज इथे येताना समीर गेटपाशी भेटला. त्याला सगळं सांगितलं. पोराचे डोळे भरले. म्हणाला, "मावशी, काळजी करू नका. मी सगळ्या व्हिडिओंमधल्या चुका काढून टाकतो. बरोबर उत्तर टाकतो. एका वीकेंडचं काम आहे." अरे बाळा, चांगलं मन आहे तुझं, देव तुझं भलं करो. आणि कदाचित तेच करावं लागेल. निदान पोरं चुकीचं तरी शिकणार नाहीत. पण ती गॅप कापलीस की अण्णा उरतात कुठे? मग उरतो एक म्हातारा मास्तर, फळ्यावर बरोबर गणित सोडवणारा. तसले मास्तर तुझ्या फोनमध्ये हजारो आहेत. त्यासाठी अण्णांनी कशाला आपले रविवार घालवले? म्हणजे एकीकडे चूक ठेवली तर पोरं चूक शिकणार, आणि काढली तर अण्णा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मला यातून वाट दिसत नाही. मी खोटं कशाला बोलू? मला दिसत नाही.

आणि वहिनी, मला सगळ्यात भीती तुमची होती. आत्ता बोलतानाही आहे. रोज संध्याकाळी तुम्ही मला विचारता, "पोरं ऐकतात ना हो त्यांना?" आणि मी म्हणते, ऐकतात. तुमच्या चेहऱ्यावर जरा उजेड येतो. तेवढ्या उजेडावर तुमचा महिना निघाला, मला माहीत आहे. मी तो काढून घेतेय, सगळ्यांसमोर. मला माफ करू नका, वाटलं तर उद्यापासून माझ्याशी बोलू नका. पण वहिनी, पोरं त्यांना ऐकत नाहीत हो. पोरं त्यांची पूजा करतात. आणि ते बिचारे रोज तिथे हाताची घडी घालून उभे असतात, कुणीतरी बोलेल म्हणून. रोज कुणी बोलत नाही. तुम्ही त्यांना जेवायला थांबवून ठेवलं असतंत का कधी असं?

रडू नका. नाही, रडा. मीही रडते.

साहेब, तुम्ही पुढेच बसलात. मी तुमच्याकडे पैसे मागत नाही, पुतळा मागत नाही, इमारत मागत नाही. आनेकलमध्ये कुणीही, दहावी झालेली एखादी सून, एखादी रिकामी बाई, तासभर त्या वर्गात बसवा. बटण दाबायला आणि पोरांकडे बघायला. आणि तो हार काढा. एवढंच. तुम्ही मान हलवताय. साहेब, ही मान मी ओळखते. ही "बघू" वाली मान आहे. मीटिंगमध्ये विषय येईल, कुणीतरी म्हणेल अण्णांचा हार काढणं बरं दिसणार नाही, मग पुढच्या मीटिंगला जाईल. तोवर वर्ष संपेल. ती पोरं पुढच्या वर्गात जातील, दोन छेद पाच घेऊन जातील. आणि ते सुधारेल हो एक वेळ, कुणीतरी सुधारेल. पण मोठ्या माणसासमोर तोंड मिटायचं जे शिकली, ते कोण सुधारणार?

तुम्ही म्हणाल, बाई फार बोलली. हो, फार बोलले. एवढं बोलून काही होईल असं मला वाटत नाही. उद्या सकाळी ती मुलगी उदबत्ती लावेल आणि टीव्ही सुरू होईल. मला माहीत आहे.

सूत्रसंचालकांनी मला मघाशीच सांगितलंय, शेवटी अण्णांचा एक धडा या पडद्यावर दाखवायचा आणि मग सगळ्यांनी उभं राहायचं. माझी हात जोडून विनंती आहे, तो लावू नका. तुमच्यातलंही कुणी बोलणार नाही, आणि ते मला आज बघवणार नाही.

फक्त एक करते. माझ्याच्याने तेवढं होईल.

अण्णा, इकडे बघा. हा फोटोला घातलेला हार मी बाजूला करतेय. कुणी रागावू नका.

तप्पु, अण्णा. अर्धी रोट्टी आणि वर तिसरा हिस्सा, दोन छेद पाच होत नाही. पाच छेद सहा होतात. आणि आमच्यावर विश्वास टाकून गेलात, तेही चुकलं तुमचं. आम्ही त्या विश्वासाच्या लायकीचे नव्हतो. सगळ्यात मोठी चूक तीच, आणि ती पकडायला आम्हाला उशीर झाला.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं शांत राहायचं आहे. ते आपल्याला येतं.